मुलगा दिवा लावून झोपतोय : पडलेल्या देवदूतांविषयी मंडळी (चर्च) नक्की काय शिकवते?

गोदाकाठची
सोमवार, रात्री १०:४०

जय ख्रिस्त. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय.

आम्ही शरणपूर रोडला राहतो. सासर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, माझं माहेर हिंदू, सिन्नरकडचं. लग्नाआधी दोन वर्षं बायबल वाचून, मनाशी पुष्कळ भांडून मी बाप्तिस्मा घेतला. कुणी भीती घातली म्हणून घेतला नाही, म्हणूनच हे जास्त लागतंय.

गेल्या आठवड्यात तेरा वर्षांचा मुलगा मित्राबरोबर तरुणांच्या एका सभेला गेला होता. वक्ते बाहेरगावचे. दीड तास सैतान, पडलेले देवदूत आणि अदृश्य जग हाच विषय. घरात एखादं 'दार' उघडं राहिलं की दुरात्मे शिरतात, मूर्तिपूजकांच्या घरून आलेली वस्तू म्हणजे असं दार, आणि घरात कुणी सतत उदास, गप्प असेल तर ती त्याची खूण, असं त्यांनी सांगितलं. आमच्या घरात दोन्ही आहे. माझ्या आईने लग्नात दिलेली पितळी समई हॉलमध्ये असते, नाताळच्या रात्री आम्ही ती लावतो. आणि सासरे गेल्यापासून आठ महिने सासूबाई खिडकीशी बसून असतात, दोन घास खातात, बोलत नाहीत.

पोराने दोन्ही गोष्टी आपल्या आपण जोडल्या. मला अवाक्षर बोलला नाही. परवा माळ्यावर समई जुन्या चादरीत गुंडाळलेली सापडली. तो आजीच्या खोलीत जात नाही, रात्री ट्यूबलाइट लावून झोपतो. काल सासूबाईंनी स्वतःहून विचारलं, "बाळ कुठंय?" आठ महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला पहिला प्रश्न.

मला वाद घालायचा नाही. पडलेले देवदूत म्हणजे नेमकं काय, ते आणि आपण ज्यांना भुतं म्हणतो ती एकच का, आणि एका मुलाला यातलं काय सांगायचं, एवढं कुणी नीट सांगेल का? 'असलं काही नसतं' असं मी त्याला म्हणू शकत नाही. बायबलमध्ये आहे, आणि त्याने ते वाचलंय.

---

रविवारशाळा
सोमवार, रात्री ११:०५

ताई, शिकवण उद्या बघू. आज रात्री त्याच्या खोलीत गादी टाका आणि ट्यूबलाइट राहू द्या. वीस वर्षं शब्बाथ शाळा घेतेय. भ्यालेल्या लेकराला "त्यात काय भ्यायचं" म्हटलं की ते बोलायचं तेवढं थांबतं.

---

जुना_पाळक
मंगळवार, सकाळी ६:२०

मुली, मी निवृत्त पाळक, जेल रोडला राहतो. चाळीस वर्षं उपदेश केले, त्यात या विषयावरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टाळत होतो असं नाही. पवित्र शास्त्रच यावर थोडं बोलतं, आणि जेवढं ते बोलतं तेवढंच बोलावं असं मला शिकवलेलं.

देवदूत केव्हा निर्माण झाले, किती होते, त्यातले काही का पडले, याची सलग कथा बायबलात कुठेच नाही. तुकडे आहेत. २ पेत्र २:४ म्हणतं, पाप केलेल्या देवदूतांनाही देवाने सोडलं नाही, न्यायासाठी काळोखात ठेवलं. यहूदाच्या पत्रात, आपलं पद न राखता आपलं राहण्याचं ठिकाण सोडून गेलेले देवदूत येतात. प्रकटीकरण १२ मध्ये आद्यदूत मीखाएल आणि अजगर, म्हणजे सैतान, यांचं युद्ध आहे, आणि अजगराच्या शेपटाने ओढलेले एक तृतीयांश तारे. 'एक तृतीयांश देवदूत पडले' असं जे ठासून सांगतात ते त्या एका चित्रावरून.

आणि लूक १०:१८. सैतान विजेसारखा आकाशातून पडताना मी पाहिला, असं येशू म्हणतो. तो हे कधी म्हणतो ते बघ. शिष्य आनंदाने परत आलेत, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हांला वश होतात म्हणून. तो त्यांना म्हणतो, याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. दोन वचनांचं अंतर आहे मध्ये. दीड तासात ते वक्ते त्या दुसऱ्या वचनापर्यंत पोचले का, मुलाला विचार.

यशया १४ आणि यहेज्केल २८ यांतून सैतानाची जन्मकथा सांगायची पद्धत फार जुनी आहे. पण दोन्ही अध्याय उघडून वाच. यशया बाबेलच्या राजाविषयी बोलतोय, यहेज्केल सोरच्या. गर्वाने फुगलेल्या राजांची ती गाणी. त्यांच्यामागे आणखी कुणाची तरी सावली दिसते असं पुष्कळ जुन्या आचार्यांना वाटलं, मलाही कधी कधी वाटतं. पण ते वाटणं झालं.

एक गोष्ट मात्र मंडळीने ठामपणे सांगितली आहे, आणि मुलाला तीच सांग. सैतान हा देवाचा विरुद्ध टोकाचा जोडीदार नाही. देवाला जोड नाही. सैतान निर्माण केलेला आहे. १२१५ साली रोमला लॅटरन सभेत हे शब्दांत मांडलं गेलं : देवाने त्यांना स्वभावतः चांगलं निर्माण केलं, वाईट ते आपल्या आपण झाले. तेव्हा ते सर्वत्र नाहीत, सर्वज्ञ नाहीत, सर्वशक्तिमान नाहीत. तुझ्या पोराच्या मनात काय आहे ते त्यांना वाचता येतं असं बायबल कुठेही म्हणत नाही. ते वाचणारा एकच आहे, आणि तो बाप आहे.

---

पहाटतारा
मंगळवार, सकाळी ९:१५

पाळकसाहेबांनी यशया १४ काढलाच आहे तर माझ्या आवडीची एक गोष्ट सांगते. तिथला मूळ हिब्रू शब्द 'हेलेल', पहाटपुत्र, म्हणजे पहाटेचा तेजस्वी तारा. चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम या विद्वान साधूने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा त्याने शब्द घातला 'लुसिफर', प्रकाश आणणारा. लॅटिनमध्ये शुक्राच्या चांदणीचं ते साधं नाव. पुढे तेच सैतानाचं विशेषनाम होऊन बसलं.

त्याच लॅटिन बायबलमध्ये २ पेत्र १:१९ ला, तुमच्या अंतःकरणात पहाटेचा तारा उगवेपर्यंत, तिथेही 'लुसिफर'च आहे, आणि तिथे तो ख्रिस्ताकडे बोट दाखवतो. ईस्टरच्या आदल्या रात्री मोठी मेणबत्ती पेटवून जे प्राचीन लॅटिन स्तवन गातात, त्यात ख्रिस्ताला कधीही न मावळणारा 'लुसिफर' म्हटलंय. चौथ्या शतकात सार्डिनियात कालियारीला एक बिशप होते, त्यांचं नावच लुसिफर! प्रकटीकरण २२:१६ ला येशू स्वतः म्हणतो, मी पहाटचा तेजस्वी तारा आहे. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

गोदाकाठची, पोराला एक दिवस पहाटे उठवून गच्चीवर न्या. शुक्र दिसत असेल तर दाखवा. ही चांदणी कुणाची, ते सांगा.

---

चिकित्सक
मंगळवार, सकाळी ११:३०

मी ख्रिस्ती नाही, कुठल्याच धर्माचा म्हणून जगत नाही. पण नाशिकचाच, आणि ताईंचं लिहिणं वाचून राहवलं नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ची. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे आहेत. धर्म कुठला ते कायदा विचारत नाही.

माझा प्रश्न रागाचा नाही, खरा आहे. अदृश्य दुष्ट शक्ती असतात हे एकदा तत्त्व म्हणून मान्य केलं, की उद्या कुणी एखाद्या आजारी बाईकडे बोट दाखवून 'हिच्यात आहे' म्हणाला, तर तुमच्या शिकवणीत त्याला थांबवणारं काय आहे?

---

त्र्यंबकनाका
मंगळवार, दुपारी १:१०

चिकित्सक दादा, प्रश्न रास्त आहे. मी कॅथलिक, तेव्हा आमच्याकडचं सांगतो.

थांबवणारं आहे, आणि लेखी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतला ११७२ वा नियम सांगतो, की भूतग्रस्तावर अपदूत-निष्कासनाचा विधी बिशपच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कुणीही करायचा नाही, आणि ती परवानगी फक्त धर्मगुरूला मिळते, तोही भक्तिमान, जाणता, सावध आणि निर्मळ आयुष्याचा असेल तरच. सुधारित विधी १९९९ ला आला. त्यात मानसिक आजाराला भूतबाधा समजू नका, वैद्यकीय जाणकारांशी बोला, असं बजावलंय. कुणीही उठावं आणि माइक घेऊन 'निघ' म्हणावं, हे आमच्यात चालत नाही. चालता कामा नये. कधी कुठे चाललंच तर ते नियम मोडून.

बाप्तिस्म्यात मात्र प्रत्येकाला विचारतात, सैतानाचा आणि त्याच्या सर्व कृत्यांचा त्याग करतोस का? लहानपणी मला वाटायचं की या प्रश्नाने अंगावर काटा यायला हवा. आता दर ईस्टरला उत्तर देताना हलकं वाटतं. एक संबंध तुटलाय, परत जोडायचा नाही, एवढंच आपण म्हणतो.

---

शब्दवेल्हाळ
मंगळवार, दुपारी ३:००

मूळ प्रश्नातलं एक कोडं धर्माचं नसून मराठीचं आहे.

ग्रीक नव्या करारात 'दायमोनियोन' आणि 'अशुद्ध आत्मा' असे शब्द आहेत. मराठी बायबलने पहिल्यासाठी घेतला 'भूत'. पण मराठी माणसाच्या कानाला भूत म्हणजे मेलेलं माणूस. इच्छा राहिलेला, पिंपळावरचा, विहिरीतला, बाळंतपणात गेलेली हडळ. ख्रिस्ती शिकवणीत मेलेल्या माणसाचं असं भूत होत नाही. दायमोनियोन कधी माणूस नव्हताच. म्हणजे शब्द तोच, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात वस्ती भलत्याचीच.

ताई, थोडं जपून लिहितो. सासरे आठ महिन्यांपूर्वी गेले, आजी तेव्हापासून गप्प, आणि मुलाच्या कानावर 'भूत' हा मराठी शब्द. त्याला नेमकं कुणाचं भय वाटतंय, विचारलंत का?

---

गोदाकाठची
मंगळवार, दुपारी ३:४०

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता ऑफिसात आहे. संध्याकाळी विचारते.

---

कॉन्व्हेंटवाली_नात
मंगळवार, दुपारी ४:२०

शब्दावरून आठवलं. माझी आजी गोव्याची, लग्न होऊन देवळालीला आली. ती सैतानाला 'देवचार' म्हणायची. संध्याकाळी चिंचेखाली खेळलो की "देवचार धरतलो!" शाळेत सिंधुदुर्गाची एक मैत्रीण होती, तिच्या आजोळी देवचार म्हणजे गावाचा राखणदार, रात्री हातात काठी घेऊन शीव फिरणारा, चुकलेल्याला घरी पोचवणारा. आम्ही दोघी त्यावरून तासभर भांडलो होतो. मिशनऱ्यांनी लोकांच्या राखणदाराचं नाव उचलून सैतानाला दिलं, असं मला मोठेपणी कळलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूला पटकन सैतानाची म्हणायला माझी जीभ वळत नाही. ताईंची समई वाचून तेच वाटलं.

---

मळेकरी
मंगळवार, रात्री ८:५०

सर्वांना जय ख्रिस्त. दिवसभर मळ्यात होतो, छाटणी चालू आहे, आत्ता वाचतोय. निफाडचा आहे.

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. इथं सगळं फार नीट मांडलंय, लॅटिन, ग्रीक, नियम. पण मी त्या जगातून बाहेर आलेला माणूस आहे. सात वर्षं दारू. दारूपेक्षा वाईट म्हणजे डोक्यात एक आवाज, विहीर जवळ आहे, विहीर जवळ आहे. दवाखाने केले, बाहेरचं केलं, घरच्यांनी कोंबडी-लिंबू सगळं केलं. शेवटी शेजारच्या गावातल्या एका प्रार्थना सभेत चार साधी माणसं माझ्याशेजारी जमिनीवर बसली, रात्रभर बसली. मारलं नाही, ओरडली नाहीत. येशूच्या नावाने प्रार्थना केली आणि पहाटे चहा पाजला. तो आवाज त्या दिवसापासून नाही. अकरा वर्षं झाली.

याला डॉक्टर काय म्हणतील मला माहीत आहे. म्हणू देत. मार्क ५ मध्ये गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस थडग्यांतून राहायचा, दगडांनी स्वतःला ठेचायचा. त्याला लोकांनी साखळ्या घातल्या होत्या. येशूने त्याला नाव विचारलं. नंतर तो कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, बसलेला दिसतो. मी तो माणूस आहे. मला कुणी 'ते नुसतं प्रतीक आहे' म्हटलं की माझी सात वर्षं खोटी पडतात.

पण ताई, तुमच्या पोराला जे सांगितलं ते चूक आहे. जी माणसं खरंच अंधारातून आलीत ती अंधाराच्या गोष्टी रंगवून सांगत नाहीत. त्यांना त्या परत आठवायच्या नसतात.

---

रविवारशाळा
मंगळवार, रात्री ९:१०

दादा, "पहाटे चहा पाजला" इथे डोळे भरले.

---

परिचारिका
मंगळवार, रात्री १०:००

मळेकरी दादा, तुमच्या साक्षीला मान देऊन लिहिते. मी मनोरुग्ण विभागात अठरा वर्षं काम केलंय आणि ख्रिस्ती आहे.

मत्तय ४:२४ काढून बघा. येशूकडे कोण कोण आणले गेले त्याची यादी आहे, भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षघाती. तीन वेगळे शब्द. म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्यालाही सगळं दुखणं एका टोपलीत टाकायचं नव्हतं. पुढे सतराव्या अध्यायात फेफऱ्याच्या मुलातून भूत निघतं हेही खरं, तेव्हा रेघ नेहमी सरळ नाही. पण यादी आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गोदाकाठची ताई, सासूबाईंचं मला सरळ बोलू द्या. नवरा गेलेला, आठ महिने, खाणं कमी, बोलणं नाही. हे शोकाने खोल गेलेलं नैराश्य असू शकतं. थायरॉइड, बी-१२ सुद्धा बघायला लागतं या वयात, तीही कारणं असतात. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लांबवू नका. वॉर्डात मी अशी माणसं पाहिलीत ज्यांना दोन-दोन वर्षं नुसत्या उपवास-प्रार्थनेवर ठेवलं होतं. प्रार्थना करणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, पण ती दोन वर्षं परत आली नाहीत. मळेकरी दादांच्या पहाटेवर माझा विश्वास आहे. आणि कुणाचंही चालू औषध प्रार्थनेच्या नावाखाली बंद करायचं नाही, यावर मी भांडायला तयार आहे.

---

मळेकरी
मंगळवार, रात्री १०:१५

बरोबर आहे सिस्टर. माझ्या बहिणीच्या गोळ्या मीच आणून देतो. दोन्ही चालतं.

---

ग्रंथालयात_बसलेला
बुधवार, सकाळी १०:३०

'पडलेले देवदूत आणि भुतं एकच का' हा ताईंचा प्रश्न तसाच राहिलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

आज बहुतेक मंडळ्या 'एकच' म्हणतात. पण सुरुवातीला तसं नव्हतं. उत्पत्ती ६ मध्ये चार गूढ वचनं आहेत, देवपुत्रांनी मानवकन्या पाहिल्या, बायका केल्या, आणि पृथ्वीवर महाकाय झाले. येशूच्या आधीच्या शतकांतल्या यहुदी लोकांनी त्यावर मोठी कथा रचली, ती हनोखाच्या नावाच्या ग्रंथात आहे. दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, बायका करतात, माणसांना शस्त्रं घडवायला आणि जादू शिकवतात. त्यांची मुलं महाकाय. ते मेल्यावर त्यांचे आत्मे पृथ्वीवर भटकतात, आणि तेच दुरात्मे. म्हणजे त्या कथेत देवदूत वेगळे आणि भुतं वेगळी.

हा ग्रंथ संपूर्ण टिकला तो गीझ भाषेत, इथिओपियात, आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या बायबलमध्ये तो आजही आहे. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत त्याचे अरामी तुकडे सापडले. आपल्या बायबलात तो नाही, पण यहूदाच्या पत्रात चौदाव्या वचनाला त्याचा उतारा आहे. जस्टिन, टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी 'देवपुत्र म्हणजे देवदूत' असंच धरलं. पुढे आचार्य ऑगस्टीनने ते आदामाचा मुलगा शेथ याचे वंशज असं वाचलं, आणि पश्चिमेत तेच रुळलं. पापाचं मूळही हळूहळू वासनेवरून गर्वाकडे सरकलं. ऑगस्टीनसाठी वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, चांगल्याला लागलेली कीड आहे. भिंत नसेल तर भिंतीला ओल कुठून लागणार?

मुलांच्या डोक्यात यूट्यूबवरून जे चित्र आलेलं असतं त्यातलं अर्धं या हनोखातलं असतं आणि उरलेलं इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७ च्या महाकाव्यातलं. बायबल म्हणून खपतं सगळं.

---

प्रार्थनाफेरी
बुधवार, दुपारी १२:४५

सगळं वाचलं. मला वाटतं आपण फार सौम्य झालोय. इफिस ६:१२ स्पष्ट आहे. आपलं झगडणं सत्तांशी, अधिकाऱ्यांशी, आकाशातल्या दुरात्म्यांशी आहे. दानीएल १० मध्ये पारसाचा अधिपती देवदूताला एकवीस दिवस अडवतो. म्हणजे प्रत्येक देशावर, शहरावर असा अधिपती असतो. आम्ही काही जण पहाटे नाशिकच्या रस्त्यांवरून चालत प्रार्थना करतो, घाटावर, पंचवटीत. शहरावरचे बंध तुटावेत म्हणून. यात गैर काय?

---

जुना_पाळक
बुधवार, दुपारी २:००

बाळा, चालत प्रार्थना करण्यात गैर काही नाही. मीही करतो, गुडघे धरेपर्यंत.

पण दानीएल दहावा अध्याय पुन्हा बघ. दानीएलला त्या झगड्याची कल्पनाच नव्हती. त्याने कुणाला नाव घेऊन बांधलं नाही, कुणाला आज्ञा दिली नाही. तो आपल्या लोकांसाठी उपास करत होता, पदार्थ वर्ज्य करून. झगडा देवाच्या दूतांनी केला. शहरावरच्या दुरात्म्याचं नाव शोधा, नकाशा काढा, त्याला बांधा, ही शिकवण मुख्यतः १९९० च्या दशकात अमेरिकेत पीटर वॅग्नर या ख्रिस्ती लेखक-शिक्षकाभोवती वाढली आणि तिथून आपल्याकडे आली. प्रेषित पौलाने इफिस शहरात दोन वर्षांहून जास्त काढली, अर्तमी देवीचं एवढं मोठं मंदिर समोर असताना. त्याने त्या मंदिराला शिव्या दिल्याचं कुठेही नाही. उलट प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये शहराचा अंमलदारच गर्दीला सांगतो, या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही.

आणि इफिस ६:१२ चा पहिला अर्धा भाग तू सोडलास. आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही. रामकुंडावर पहाटे थंडीत बुडी मारणारी म्हातारी रक्तमांस आहे. ती आपली शत्रू नाही. कधीच नव्हती.

---

प्रार्थनाफेरी
बुधवार, दुपारी २:३०

ते मान्य. पहिला अर्धा भाग सुटला माझा. १ करिंथ १०:२० चं मात्र काय, मूर्तीला वाहिलेलं भुतांना वाहिलेलं असतं?

---

त्र्यंबकनाका
बुधवार, दुपारी ३:१५

तेही आहे, खोटं कशाला बोला. पण त्याच पत्रात आठव्या अध्यायात पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही. आणि दहाव्यातच पुढे, बाजारात विकतात ते काही न विचारता खा, कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे येईल ते खा, कारण पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचं आहे. तो पूजेत सामील व्हायला मनाई करतो, वस्तूला घाबरायला सांगत नाही. एका आईने लेकीला दिलेली समई कुठल्या बाजूला पडते ते ज्याचं त्याने बघावं. नाताळच्या रात्री ती लागते, मला तरी सरळ दिसतंय.

---

शरणपूरकर
बुधवार, संध्याकाळी ६:४०

थोडं विषयांतर, पण आपल्याच गावचं आहे.

शरणपूर हे नाव मिशनने वसवलेल्या वस्तीवरून आलं हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे कोण कोण शरण आलं ते कमी जणांना. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईमार्गे नाशिकला आणली जात आणि इथे शिकत. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव त्याने कोरलं, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटीला खांदा द्यायलाही तो होता. नाशिकला शिकलेला मुलगा!

हे इथे का लिहितोय? 'सत्ता आणि अधिकारी' वाचलं की मला ती जहाजं आठवतात. माणसाला माल म्हणून मोजणारी, हिशेबाच्या वह्या असलेली, कायद्याने चालणारी व्यवस्था. एकेक माणूस तितका दुष्ट नसतो, पण सगळे मिळून जे उभं राहतं ते कुणा एकाच्या हातात उरत नाही. पडलेल्या सत्ता म्हणजे फक्त तेवढंच असं मी म्हणत नाही. पण ज्याला त्या सत्ता फक्त कोपऱ्यातल्या समईत दिसतात त्याला त्या बाजारात का दिसत नाहीत, हे मला खुपतं.

---

चिकित्सक
बुधवार, रात्री ८:००

शरणपूरकर, रोज त्या रस्त्याने जातो, हे माहीत नव्हतं.

आणि त्र्यंबकनाका, परिचारिका, उत्तर मिळालं. मी तुमच्यासारखा मानणार नाही, पण तुमच्याच पुस्तकात थांबवणारं एवढं आहे हे कळलं. ते सभांमधून मोठ्याने सांगा एवढीच विनंती.

---

रविवारशाळा
बुधवार, रात्री ८:२०

हसण्यासारखं एक. गेल्या डिसेंबरात, पारा अगदी खाली गेला होता त्या रविवारी, शब्बाथ शाळेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीने हात वर केला. "मिस, सैतान आगीत राहतो ना? मग तो नाशिकला नाही यायचा, त्याला हुडहुडी भरेल." मी म्हटलं, आपण स्वेटर घालू आणि प्रार्थना करू. सगळा वर्ग खिदळला.

---

गोदाकाठची
शुक्रवार, रात्री ९:३०

दोन दिवस लिहिता आलं नाही. तुम्ही सगळे अनोळखी आहात आणि मी रोज रात्री तुमचं लिहिणं छापील असल्यासारखं पुन्हा पुन्हा वाचतेय.

शब्दवेल्हाळ, तुमचं बरोबर होतं. मंगळवारी रात्री त्याच्या गादीशेजारी आडवी पडून विचारलं, कुणाची भीती वाटते? खूप वेळ गप्प. मग म्हणाला, "आजोबांची. आजी त्यांच्याशी बोलते खिडकीत." त्याला वाटत होतं की आजोबाच दुरात्मा झाले आणि आजीत शिरले. ज्या आजोबांनी त्याला सायकल शिकवली. मी पोटाशी धरून रडले, मग तोही.

त्याला सांगितलं की आजोबा भूत झाले नाहीत, होत नाहीत, ते देवाजवळ आहेत. सैतान आहे का विचारलं, मी हो म्हटलं. तो देवाएवढा आहे का विचारलं, तर पाळकसाहेबांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, देवाला जोड नाही. ते त्याने दोनदा म्हणून बघितलं.

गुरुवारी सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासायला दिलंय, एक गोळी सुरू झालीय, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. खिडकीत नवऱ्याशी बोलतात हे त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगितलं. "एकेचाळीस वर्षं बोललेय, एकदम कशी थांबू," म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला.

आज पहाटे पोराला गच्चीवर नेलं. ढग होते, तारा दिसला नाही. उद्या परत.

समई त्यानेच काढली माळ्यावरून. चिंच लावून घासतोय आत्ता, मोरीत सगळं पाणी करून ठेवलंय.

आता त्याचाच एक प्रश्न. यहूदाचं पत्र त्याने पूर्ण वाचलं, एकच पान आहे म्हणून. त्यात मीखाएल आणि सैतान मोशेच्या शरीरावरून वाद घालतात असं आहे. तो विचारतोय, मीखाएल एवढा मोठा, मग त्याने सैतानाला सरळ शिव्या का नाही दिल्या? मला सांगता येईना.

---

जुना_पाळक
शनिवार, सकाळी ६:१०

त्याला म्हणावं, सभेतल्या वक्त्यांना हा प्रश्न पडायला हवा होता, तो तुला पडला. त्या वचनात मीखाएल एवढंच म्हणतो, प्रभू तुला धमकावो. स्वतः दोषारोप करायला धजत नाही. आद्यदूत असून. म्हणजे आरडाओरडा हे त्याचं हत्यारच नाही, तो निकाल वरच्याकडे सोपवतो.

मोशेच्या शरीराचं काय भांडण होतं ती गोष्ट लांब आहे, टाइप करत बसवत नाही. उपासनेनंतर दोघे माझ्याकडे या. पोहे करतो. आजींना यावंसं वाटलं तर त्यांनाही आण, माझ्याकडे पूर्वेची खिडकी आहे.